ओटीतल्या भाजीचे वजन

कुमुदताईंनी आंबाडीचा देठ मोडला, पाने परातीत टाकली आणि देठ माझ्या हातात दिला.

"फेकू नकोस. बाजूला ठेव. वजन करायचंय."

"देठांचं?"

"देश देठ खात नाही," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली.

डोणगावातल्या एका स्वयंपाकघरात आम्ही उकिडव्या बसलो होतो. घरची बाई भाजी निवडत होती, आणि तिच्या कामात अडथळा नको म्हणून कुमुदताई, आमच्या मॅडम, तिच्या बरोबरीने निवडत होत्या. सगळी जुडी आधी तोलली होती. आता देठ तोलायचे आणि वजा करायचे. उरेल ते खाल्ले जाते. मला कामावर रुजू होऊन दुसरा दिवस होता. कुमुदताई वाघ या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख आहेत एवढेच माहीत होते. त्यांच्याशी बोलणे झाले नव्हते. ओळख करून द्यायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती. मी देठ बाजूला ठेवत गेले.

देशात माणशी किती भाजी आणि किती फळे खाल्ली जातात, हे सांगणारे आकडे मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांत तयार होतात अशी माझी समजूत होती. कचेऱ्यांत त्यांची बेरीज होते. तयार ते चुलीजवळ होतात, कोणीतरी देठ वजा केल्यावर. ही गोष्ट मला त्या सकाळी समजली आणि पुढची सगळी वर्षे मी तिच्यावर काढली.

मॅडम खामगावच्या महाविद्यालयात गृहअर्थशास्त्र शिकवत. आहाराची पाहणी एकदा करून अहवाल लिहिणारे पुष्कळ होते. मॅडमना तीच घरे पुन्हा पुन्हा पाहायची होती. डोणगावातली काही आणि सुलतानपुरातली काही घरे त्यांनी निवडली: मोठी शेती असलेली, थोडी असलेली, मजुरीवर चालणारी. दर काही वर्षांनी त्याच घरांत जायचे, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही हंगाम, आणि शिजायच्या आधी सगळे तोलायचे. घर वाटणीत फुटले तर दोन्ही चुली धरायच्या. सासू गेली तर सुनेला विचारायचे. "माणूस बदलतो म्हणून घर सोडायचं नाही," असे त्या म्हणत. लोकांनी त्यांना काटेवाली बाई हे नाव दिले. आम्ही गल्लीत शिरलो की कोणीतरी ओरडे, "आली व माय काटेवाली! वांगे लपवा!" मॅडम थांबून विचारत, "किती लपवलीत? तेवढी लिहिते." मग वांगी बाहेर येत.

आम्ही सकाळच्या एसटीने जात असू आणि दुपारी चारला निघणाऱ्या गाडीने परतत असू. ती चुकली तर मुक्काम. तरुण मुलींना गावात मुक्कामाला ठेवायची जबाबदारी घ्यायला महाविद्यालय तयार नव्हते, म्हणून ती गाडी कधी चुकवली नाही. रात्रीच्या जेवणाची माहिती दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी घेत असू. कंडक्टर रोजचे झाले होते.

"काय बाई, डोणगावानं आज काय खाल्लं?"

"वांगं," मॅडम सांगत.

"काल बी वांगंच व्हतं."

"उद्याही असेल."

"मंग रोज काऊन येता? एकदाच लेहा ना, वरीलप्रमाणे."

"तुम्ही तिकीट रोज फाडता ना?"

सगळी गाडी हसे. कंडक्टर तिकिटे फाडून देत आणि पुढच्या बाकाकडे जात.

मॅडमच्या शिस्तीत एक नियम फार कडक होता. ज्या घरी काटा लावला आहे त्या घरी काही खायचे-प्यायचे नाही. पाहुण्यासाठी घर जास्त शिजवते, चांगले शिजवते, आणि वजन खोटे पडते. नियम बरोबर होता. तो कुठे मोडायचा हेही मॅडमना समजत होते, आणि हे मी शेवंताबाईंच्या घरी पाहिले.

शेवंताबाई डोणगावच्या बौद्ध वस्तीत राहत. घर मजुरीवर चाले. पहिल्याच फेरीत, तिसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी चहा पुढे केला. मॅडमनी नेहमीप्रमाणे नको म्हटले.

"काऊन? आमच्या घरचा चालत नाही?"

"तसं नाही. काटा लावलाय तोवर आम्ही कुणाकडेच घेत नाही. वरच्या आळीतही नाही."

"मले काय माहीत? मी काय थ्या पाटलाच्या घरी पाहाले गेली व्हती?"

मॅडमचे माहेर पाटलांचे होते. हे गावात सर्वांना ठाऊक होते. त्यांनी क्षणभर शेवंताबाईंकडे पाहिले. मग काटा पिशवीत ठेवला, वही मिटली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"चहा राहू द्या. जेवायलाच वाढा."

शेवंताबाई गडबडल्या. बाहेर गेल्या, पाच मिनिटांनी आल्या, चूल पेटवली. आम्ही ज्वारीची भाकर आणि आलूचा रस्सा जेवलो. मॅडमनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि लिहिले: पाहुणे जेवले, आजचे वजन बाद. त्यानंतर त्यांनी नवा नियम केला. ज्या दिवशी घरातले तोलणे संपेल त्या दिवशी, काटा बांधल्यावर, प्रत्येक घरी घासभर तरी जेवायचे, अगदी प्रत्येक घरी. सर्वेक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत हा नियम मला आढळला नाही. हा गौरवग्रंथ हाती घेणाऱ्या आपल्यापैकी ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केले, त्यांनी तो पाळला आहे आणि शेवटच्या दिवशी सात-आठ घरी जेवून पोट धरून गाडीत बसण्याचा अनुभवही घेतला आहे.

मी मराठी विषय घेऊन एम. ए. झालेली. आहारशास्त्रातले काही येत नव्हते. विभागात मला मराठीवाली म्हणत आणि त्यात कौतुक नव्हते. मॅडमनी पहिल्या महिन्यात मला एक कोरी वही दिली.

"बायका भाजीला जे नाव घेतात तेच यात लिही. शुद्ध करू नकोस."

"पुस्तकात वेगळं नाव असलं तर?"

"पुस्तक डोणगावात राहत नाही."

ती वही पुढे विभागाची झाली. एकाच काकडीची तीन नावे तिच्यात आहेत, आणि एका नावाच्या दोन शेंगा. नंतरच्या फेऱ्यांत काही नावे कोणी घेईना. मी ती खोडायला निघाले तेव्हा मॅडमनी माझा हात धरला आणि नावापुढे फक्त वर्ष लिहायला सांगितले.

त्यांच्या मायेबद्दल इतरही लिहितील. मी एवढेच सांगते. मला कावीळ झाली तेव्हा त्या दर शनिवारी घरी येत. पिशवीत उसाची कांडकी असत. त्या स्वतः सोलून, गंडेऱ्या करून ताटलीत देत आणि मी चघळत असताना माझ्या वाटच्या घरांत काय शिजले ते सांगत. चोथा मात्र न तोलता टाकून देत. मी एकदा तसे म्हटले. "तू पाहणीत नाहीस," त्या म्हणाल्या. "तू बरी हो."

फळांचा रकाना आमच्या फॉर्मवर सर्वांत लहान होता. पहिल्या फेरीत घरात फळ येई ते उपवासाला किंवा आजाऱ्याला. केळी दिसली की आम्ही आधी विचारत असू, कोण आजारी आहे. मॅडमना हे पटेना. बोरे, जांभळे, कवठे, चिंचा, गावरान आंबे लोक खात होतेच, पण ते वावरात, वाटेवर, झाडाखाली खात. घरात आलेच नाही तर काट्यावर येणार कसे? त्यांनी फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: घराबाहेर खाल्लेले. वावरातून आलेल्या माणसाला ओंजळ करायला सांगायच्या, किती बोरे खाल्लीत तेवढी दाखवा म्हणायच्या, आणि तेवढी तोलायच्या. फळांच्या बाबतीत त्या इतक्या सावध होत्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झाले ते बेफिकीर माणसाच्या हातून झाले नाही.

वर्षे गेली. गावाला जास्त गाड्या आल्या, पुढे विभागाला जीप मिळाली, आणि दुसऱ्या फेरीपासून आम्ही रात्रीचे जेवणही तोलू लागलो. फेरीगणिक वजन वाढत होते. फुलकोबी आणि पत्ताकोबी आली. टमाटे बाराही महिने आले. आठवडी बाजारात सफरचंदे पेट्यांनी येऊ लागली, द्राक्षे आली, रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागले. फळ खायला कोणी आजारी पडायची गरज राहिली नाही. मॅडमनी सगळ्या फेऱ्या एका आलेखावर मांडल्या. भाजीची हिरवी आणि फळांची नारिंगी, दोन्ही रेघा डावीकडून उजवीकडे चढत गेल्या होत्या.

तो आलेख विभागाच्या भिंतीवर लावायचा ठरला. खामगावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका होते, त्यांना बोलावले. काम झाल्यावर मॅडम पाहायला गेल्या. हिरव्या रेघेचे टोक थोडे वर वळलेले होते.

"हे काय?"

"थोडी उचलली मॅडम. चांगली दिसते."

"दिसायला काढत नाही आपण."

काकांनी ते टोक पुसले आणि होते तिथे आणले. आपल्यापैकी बहुतेकांनी तो फलक पाहिला आहे. अनेकांनी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढले आहेत. मॅडमचे नाव घेतले की ती चढती हिरवी रेघ डोळ्यांपुढे येते, इतकी ती त्यांची झाली होती. गरीब घरातही भाजी वाढली, हे त्यांनी तोलून दाखवले होते. परिषदांतून त्यांची ओळख याच वाक्याने करून दिली जाई.

दोन वर्षांपूर्वी, त्या त्र्याहत्तर वर्षांच्या असताना, त्यांना एक पत्र आले. देशाच्या आहारात गेल्या काही पिढ्यांत काय बदलले यावर एक मोठा ग्रंथ तयार होत होता. त्यातले एक पूर्ण प्रकरण आमच्या दोन गावांवर द्यायचे संपादकांनी ठरवले होते. मॅडमनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता.

"आपली घरं देशात चाललीत. एकदा जाऊन भेटून येऊ."

आषाढ होता. आम्ही दोघी डोणगावला गेलो. बरोबर काटा नव्हता, जुन्या फॉर्मांचे गठ्ठे होते. घरोघर जाऊन नावे आणि नाती ताडून पाहायची होती. शेवंताबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना दिसत कमी होते. आवाजावरून त्यांनी मॅडमना ओळखले.

"काटेवाली बाई! अजून जिती हायेस व माय?"

"तुम्हाला भेटल्याशिवाय कशी जाईन?"

चहा झाला. त्यांच्या नातसुनेने, प्रज्ञाने, दुपारच्या जेवणासाठी पत्ताकोबी चिरायला घेतली. मी सहज पहिल्या फेरीचा फॉर्म काढला आणि गंमत म्हणून मोठ्याने वाचला. सोमवार रात्र, वरण-भाकर, भाजी नाही. मंगळवार रात्र, वरण-भाकर, भाजी नाही. अक्षर माझे होते.

शेवंताबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला.

"वरन कुठचं व बाई? वरन सनाले करो आमी. तरोटा व्हता."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"कोणत्या दिवशी?"

"कोनत्या म्हंजे? रोज. निंदाले गेलं का येता येता ओटी भरून आनो. कधी तरोटा, कधी घोळ, कधी तांदुळजा. दिवस बुडल्यावर निवडो अन् शिजवो."

"मग ही विचारायची तेव्हा सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तुमी शयरातल्या बाया. वहीत लेहून सरकारले पाठोता. सरकार म्हनन, या बाया तं गवत खाते." त्यांनी पदराने तोंड पुसले. "अन् तुमी पाहालेबी कुठं राहे? चार वाजले का तुमची गाडी. तुमच्या गाडीच्या टायमाले आमची भाजी वावरातच राहे."

 प्रज्ञाची विळी थांबली होती.

"तुमी जेवल्या ना एक डाव," शेवंताबाई पुढे म्हणाल्या, "ते आलू शेजारनीकून आनले व्हते. रातचा तरोटा उतरंडीमागं झाकून ठेवला व्हता. मले वाटे, वास तं नाही येत?"

"नाही आला," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही पहिल्या फेरीतल्या आणखी जितक्या बायका हयात होत्या तितक्यांकडे गेलो. मजुरी करणाऱ्या घरांतून एकच उत्तर आले. पाटलांच्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईही हसल्या. "आमी बी खातच व्हतो व. पन पाटलाच्या घरात त्याचं नाव कोन काढे?"

आमच्या पहिल्या फेरीने संध्याकाळची भाजी पाहिलीच नव्हती. नंतरच्या फेऱ्यांनी पाहिली, पण तोवर ती बाजारातून येऊ लागली होती. वावरात कपाशी-ज्वारीच्या जागी सोयाबीन आले होते, निंदणाऐवजी फवारणी आली होती, आणि बांधावर आपोआप उगवणारा तरोटा, म्हणजे टाकळा, पिवळा पडून जात होता. म्हणजे गरीब घरातली भाजी वाढली, हे आम्हाला सांगता येत नव्हते. ती बांधावरून बाजारात गेली एवढे सांगता येत होते. वाढली, कमी झाली की तेवढीच राहिली, ते ठरवायला पहिल्या फेरीच्या संध्याकाळचे वजन हवे होते आणि ते कुठेच नव्हते. ज्या रेघेवर मॅडमचे नाव उभे होते तिचे पहिले टोक हवेत होते.

परतीच्या गाडीत मी फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. पुढे जे बोलले ते लिहायला मला आजही जड जाते.

"मॅडम, इतकी वर्षं झाली. कोणाला कळणार आहे?"

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"शेवंताबाईंना कळलंय."



पुढच्या आठवड्यात विभागातल्या जुन्या माणसांची बैठक झाली. सर्वांनी त्यांना समजावले. एकाने तळटीप पुरेल असे सुचवले. दुसरे म्हणाले, ही तुमच्या आयुष्याची कमाई आहे, आपल्या हाताने पुसू नका. मॅडमनी शांतपणे ऐकले. त्या म्हणाल्या की या आलेखावरून उद्या कोणी ठरवेल, पूर्वी या बायका भाजी खातच नव्हत्या, आणि मग त्यांनी भाजी खायला शिकवल्याचे श्रेय घेईल. "त्या खात होत्या. आपण पाहिलं नाही. हे वाक्य तळटिपेत मावत नाही."

संपादकांना त्यांनी पत्र पाठवले. टाइप मी केले, म्हणून मजकूर मला माहीत आहे. पहिल्या फेरीत रात्रीचे जेवण तोलले गेले नाही; पाहणीच्या वेळा प्रवासाच्या सोयीने ठरवल्या होत्या; त्यामुळे वेचून आणलेल्या पालेभाज्या नोंदीतून सुटल्या; फेऱ्यांची तुलना ग्राह्य धरू नये; नियोजन माझे होते. भाजी नाही, असे ज्या अक्षरात शंभर ठिकाणी लिहिले होते त्या अक्षराचा पत्रात उल्लेख नव्हता. मी तसे एक वाक्य घालू का विचारले. "गाडीची वेळ तू ठरवली होतीस का?" त्यांनी विचारले, आणि कागद सहीसाठी ओढून घेतला.

उत्तर महिन्याभराने आले. संपादकांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. प्रकरण वगळले होते. मॅडमनी ते पत्र वाचले, घडी घातली आणि पाटीवाल्या काकांना निरोप पाठवला. काकाही म्हातारे झाले होते, पण शिडीवर चढले.

"आता तरी उचलू का मॅडम?"

"नाही. पहिला भाग पुसा आणि तिथे तुटक रेघ मारा."

"तुटक बरी नाही दिसत."

"माहीत आहे."

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मुखपृष्ठासाठी जुन्या फलकाचा फोटो निवडला होता. मॅडमनी नवा फोटो पाठवला. आपल्या हातातल्या पुस्तकावर हिरवी रेघ सुरुवातीला तुटलेली का आहे, हे विचारणाऱ्यांसाठी मी हे सविस्तर लिहिले.

काम मात्र तिथे थांबले नाही. वजन गेले होते, पण ते ओटीतून वाहणाऱ्या बायका होत्या. मॅडमना ओंजळीतली बोरे आठवली. ओटी म्हणजे पदर कमरेला खोचून केलेली झोळी. ती किती भरायची हे हातांना आणि कमरेला ठाऊक असते. ज्यांनी त्या वर्षांत रोज ओट्या भरल्या त्यांनी आता भरून दाखवल्या तर अंदाज बांधता येईल. पण अशा बायका डोणगावात आता चार उरल्या आहेत, आणि त्यांतल्या दोघी अंथरुणावर आहेत. त्या गेल्या की विचारायला कोणी नाही. आलेखाचा तुटक भाग मग तसाच तुटक राहील. पंचाहत्तराव्या वर्षी मॅडमना घाई आहे ती एवढ्याचीच.

म्हणून या आषाढात आम्ही पुन्हा डोणगावला गेलो, आणि मॅडमनी चारची गाडी जाऊ दिली. मुक्काम शेवंताबाईंच्या घरी होता. संध्याकाळी ओसरीवर बाजारातून आणलेल्या मेथीचा ढीग घातला. शेवंताबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि प्रज्ञा त्यांच्या ओटीत मेथी टाकू लागली.

"पुरे?" मॅडमनी विचारले.

"हाव. नाही, थांब. तवा आमी सहा जन व्हतो. अजून टाक. अजून. दाबू नको व, भाजी हाये, कापूस नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी ओटी खालून उचलून पाहिली. डोळे मिटलेले होते. पुन्हा थोडी टाकायला लावली, मग मूठभर काढायला लावली.

"हे. एवढं. रोज एवढं वझं कमरेले राहे."

मॅडमनी तोलले आणि लिहिले. मग त्यांनी पेन थांबवले. "ही मेथी आहे. तरोटा हलका असतो की जड, मला माहीत नाही. अंदाज म्हणून लिहिते. वजन म्हणून नाही."

"मंग तरोटाच आनू ना."

"आहे कुठं आता? बांधावर फवारतात."

"नाल्याच्या काठानं हाये," प्रज्ञा म्हणाली.  "आजी सांगते म्हून मी आनते कधी कधी. इथं सांगत नाही कोनाले."

"काऊन व?" शेवंताबाईंनी विचारले.

"लोक हासतेत."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. काटा अजून बांधला नव्हता, तरी त्या रात्री त्या घरी जेवल्या.

कुमुदताईंनी आपल्याला अन्न तोलायला शिकवले. चुकलेले तोलून पाहायलाही शिकवले, आणि ते आपल्याला कितपत साधले हे ज्याचे त्याने पाहावे. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना अजून पुष्कळ वर्षे चुलीपाशी उकिडवे बसू द्यावे. शेवंताबाईंनाही तेवढेच आयुष्य मिळो. दोघींना एकमेकींची गरज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा शेवंताबाईंना हाताला धरून नाल्याकडे घेऊन गेली. ऊन वर यायच्या आत दोघी परतल्या. शेवंताबाईंची ओटी भरलेली होती. मॅडमनी ती परातीत रिकामी करायला लावली, तोलली, मग चौघींनी बसून निवडली. देठ तोलले, वजा केले. मी फॉर्म भरला. भाजीच्या रकान्यात तरोटा लिहिले.